वादळी किनाऱ्यावरचं छप्पर: कौल, पत्रा, स्लॅब आणि त्यांना धरून ठेवणारे जोड

3 जून 2020 च्या दुपारी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढलं. हवामान खात्याच्या नोंदीप्रमाणे वाऱ्याचा वेग ताशी 110 ते 120 किलोमीटर होता आणि मधले झोत 130 पर्यंत जात होते. श्रीवर्धन, म्हसळा, मुरुड, खाडीपलीकडे मंडणगड, केळशी, आंजर्ले, दापोली या सगळ्या पट्ट्यात नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या आणि घरांची छपरं गेली. त्याला वर्ष व्हायच्या आत, मे 2021 मध्ये, तौक्ते आलं. ते कोकणात जमिनीवर चढलंच नाही, किनाऱ्याच्या बाजूने गुजरातकडे गेलं, तरीही सिंधुदुर्ग-रत्नागिरीत हजारो घरांची पडझड झाली. त्याआधी नोव्हेंबर 2009 मध्ये फयान होऊन गेलं होतं. चक्रीवादळ म्हणजे ओडिशा-आंध्रचं संकट, असं आपण कितीतरी वर्षं धरून चाललो. पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी मात्र अरबी समुद्रातली चक्रीवादळं अलीकडच्या दशकांत वाढल्याचं दाखवलं आहे. कोकणात घर बांधणाऱ्याला आता पावसाबरोबर वाऱ्याचाही हिशेब करावा लागणार आहे.

वादळानंतर हार्डवेअरच्या दुकानात पहिला प्रश्न असतो, "पत्रा कुठल्या कंपनीचा? जाडी किती?" पत्रा पाइपाला कशाने धरलाय, पाइप भिंतीला कशाने धरलाय, आणि भिंतीचा तो वरचा थर खालच्या थराला धरून आहे का, हे फारच थोडे लोक विचारतात. छप्पर राहणार की जाणार हे बहुतेक वेळा त्याच उत्तरांवर ठरतं, म्हणून हा लेख मुख्यतः जोडांबद्दल आहे.

वारा छपराचं नेमकं काय करतो

वारा छपराला आडवा ढकलतो असं आपल्याला वाटतं. खरं तर त्याचं मोठं काम उचलण्याचं असतं. घरावर आदळलेला वारा भिंतीवरून वर चढतो, छपराच्या कडेवरून वेगाने सुटतो आणि तिथे छपराच्या वरच्या बाजूला हवेचा दाब एकदम कमी होतो. आतला दाब तेवढाच राहतो. मग छप्पर आतून वर लोटलं जातं आणि वरून ओढलं जातं. ही ओढ सगळीकडे सारखी नसते. कोपरे, कडा आणि आढ्याच्या दोन्ही बाजूंची पट्टी इथे ती मधल्या भागाच्या दीडपट, दुपटीपर्यंत जाते. म्हणून बहुतेक छपरं कोपऱ्यापासून उसवायला सुरुवात होते.

किती ओढ? भारतीय मानक आयएस 875 च्या तिसऱ्या भागातलं सूत्र घरी कागदावर मांडता येण्याइतकं सोपं आहे. वाऱ्याचा वेग मीटर प्रतिसेकंदात घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा आणि 0.6 ने गुणायचं. ताशी 120 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 33 मीटरच्या आसपास. उत्तर येतं चौरस मीटरला सुमारे 670 न्यूटन, म्हणजे साधारण 68 किलोचा जोर. वेगाचा वर्ग होत असल्यामुळे वारा दुप्पट झाला की जोर चौपट होतो. ताशी 60 किलोमीटरच्या वाऱ्यात दरवर्षी टिकलेलं छप्पर 120 ला टिकेलच असं त्यामुळे म्हणता येत नाही.

आता 500 चौरस फुटांचं पत्र्याचं छप्पर घ्या, म्हणजे 46 चौरस मीटर. सगळीकडे फक्त सरासरी ओढ धरली तरी तीन टनांहून जास्त जोर ते वर उचलतो आहे. अर्धा मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचं स्वतःचं वजन चौरस मीटरला पाचेक किलो, म्हणजे एकूण सव्वादोनशे किलोच्या घरात. उरलेला सगळा भार स्क्रू, पाइप, वेल्डिंग आणि भिंत यांनी पेलायचा. जाड पत्रा घेतला म्हणून त्याच्या वजनात काही किलोंची भर पडेल, पण तीन टनांसमोर ती भर काहीच नाही. जाडीचा फायदा वेगळा आहे, त्याकडे पुढे येतो.

यात आणखी एक गोष्ट मिसळते. वाऱ्याच्या तोंडावरचं दार किंवा खिडकी फुटली की वारा आत शिरतो, आतला दाब वाढतो आणि छपराला खालूनही धक्का बसतो. वरची ओढ आणि खालचा लोट एकाच वेळी. म्हणून खिडक्यांची झडपं आणि दाराचा अडसर हासुद्धा छपराचाच भाग समजायला हवा. वादळात खिडकी मुद्दाम उघडी ठेवावी, वारा आरपार जाऊ द्यावा, असा सल्ला गावात ऐकू येतो. तो मानू नका. वादळ पुढे सरकतं तशी वाऱ्याची दिशा फिरते, आणि मघाशी आडोशाला असलेली खिडकी थोड्या वेळाने वाऱ्यासमोर येते.

भार खालपर्यंत पोचला पाहिजे

पत्रा स्क्रूला, स्क्रू आडव्या पाइपाला, पाइप कैचीला (छपराचा भार घेणाऱ्या त्रिकोणी सांगाड्याला), कैची भिंतीच्या माथ्याला, माथा भिंतीला आणि भिंत पायाला. वाऱ्याने लावलेली ओढ या साखळीतून जमिनीत उतरायची असते, आणि साखळी तुटते ती सर्वांत कच्च्या कडीपाशी. सगळे स्क्रू उत्तम लावले पण कैची जांभ्याच्या भिंतीवर नुसती टेकवली, तर वारा पत्र्यांसकट अख्खी कैची उचलून नेतो.

कोकणातल्या जुन्या चिरेबंदी घरांत हीच कडी कच्ची असते. तिथे वासे भिंतीवरच्या लाकडी तुळईवर बसवलेले आणि तुळई भिंतीवर स्वतःच्या भाराने बसलेली. पावसापुरतं ते ठीक होतं, कारण पाऊस छप्पर खाली दाबतो. नवीन बांधत असाल तर भिंतीच्या माथ्यावर चारही बाजूंनी सलग फिरणारा आरसीसीचा पट्टा घाला आणि काँक्रीट ओलं असतानाच त्यात बोल्ट किंवा सळ्या रोवून घ्या, म्हणजे कैची किंवा तुळई त्यांना आवळता येते. हा पट्टा सगळ्या घराच्या खर्चात फार मोठा नसतो, आणि नंतर कितीही पैसे टाकले तरी तो तितक्या चांगल्या रीतीने बसवता येत नाही.

जुनं घर असेल तर लोखंडी पट्ट्या हा उपाय आहे. तुळईवरून पट्टी घेऊन ती भिंतीच्या दोन्ही बाजूंनी खाली आणायची, वरचे तीन-चार थर सोडून आरपार बोल्टने कसायची. म्हणजे छप्पर उचलायचं तर वाऱ्याला त्या थरांचं वजनही उचलावं लागेल. वासा आणि तुळईचा जोड नुसत्या खिळ्यावर ठेवू नका. खिळा आडव्या जोराला बरा टिकतो, सरळ वर ओढला की निघून येतो. तिथे पट्टी किंवा बोल्ट हवा. वादळी भागातल्या कमी उंचीच्या घरांसाठी आयएस 15498 हे वेगळं भारतीय मानक 2004 पासून आहे. इंजिनिअरकडून आराखडा करून घेत असाल तर त्याचं नाव घेऊन विचारा.

आकाराचाही फरक पडतो. दुपाखी छपराच्या दोन टोकांना त्रिकोणी भिंती राहतात आणि वारा त्यांच्यावर सपाट आदळतो. चौपाखी छपराला चारही बाजूंनी उतार असल्यामुळे वारा कुठूनही आला तरी त्याला अशी उभी भिंत मिळत नाही, शिवाय चारही पाखी एकमेकांना तोलून धरतात. आपली जुनी चौपाखी घरं या बाबतीत फार शहाणी आहेत. उतार 25 ते 30 अंशांच्या आसपास असला तर उत्तम. अगदी सपाट पत्र्याचं छप्पर दिसायला आधुनिक वाटतं, पण त्याला ओढ जास्त बसते आणि पाणीही नीट निघत नाही.

वळचण किती पुढे काढायची यावर मात्र कोकणात पाऊस आणि वारा यांचं भांडण आहे. तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणाऱ्या मुलखात भिंत भिजू नये म्हणून छप्पर पुढे हवं, आणि पुढे आलेल्या भागाला वारा खालून धरतो. माझ्या मते यातली चांगली तडजोड अशी: मुख्य छपराची वळचण दीड फुटाच्या आत ठेवावी आणि पडवीचं छप्पर वेगळं करावं, मुख्य छपराच्या खाली, स्वतःच्या खांबांवर. मुख्य छपराचेच वासे लांबवून पडवी काढली, तर पडवी उचलली जाताना ती घराचं छप्पर सोबत ओढते. वेगळी असेल तर वाईटात वाईट पडवी जाईल आणि घर झाकलेलं राहील.

कौलं

मंगळुरी कौलं आणि त्यांच्या खालच्या रिपा (आडव्या लाकडी पट्ट्या) मिळून चौरस मीटरला सुमारे 65 किलो वजन धरतात. वर काढलेल्या 68 किलोच्या आकड्याशेजारी हे ठेवून पाहा. कौलारू छपराचा मधला भाग वादळात बऱ्याचदा का राहतो आणि कडा का जातात, ते लगेच दिसतं. आणखी एक कारण म्हणजे कौलांच्या फटी. त्यातून हवा खेळते, वरचा-खालचा दाब थोडा सारखा होतो. शिवाय कौलारू छप्पर सुटलं तरी सहसा तुकड्यातुकड्यांनी सुटतं. चार-पाच ओळी गेल्या तर दुसऱ्या दिवशी सुतार चढवून झाकता येतं.

पण सुटलेलं दोन-अडीच किलोचं कौल वाऱ्याबरोबर कुणाच्या डोक्यात गेलं तर जीव जातो. म्हणून वळचणीच्या पहिल्या दोन-तीन ओळी, दोन्ही टोकांच्या कडा आणि आढ्याजवळच्या ओळी बांधून घ्या. बऱ्याच मंगळुरी कौलांच्या खालच्या बाजूला भोक असलेला छोटा उंचवटा असतो. त्यातून तार ओवून ती रिपेला पिळायची. तार तांब्याची किंवा स्टेनलेस स्टीलची घ्या, साधी लोखंडी तार खाऱ्या हवेत लवकर कुजते. आढ्यावरची कौलं चुना-सुरखी किंवा सिमेंटच्या मालात पक्की बसवलेली असावीत. तो माल दर काही वर्षांनी तडकतो, तिथूनच पाणी आणि वारा दोन्ही शिरतात.

शाकारणीची आपली पद्धत इथे सोन्याची आहे, आणि माणसं मिळत नाहीत म्हणून ती मागे पडते आहे याचं मला खरंच वाईट वाटतं. दर वैशाखात कोणीतरी छपरावर चढून कौल न कौल हातात घेत असे. फुटकं बदललं जाई, कुजलेली रीप कळे, वाळवीची माती दिसे. आता पाणी गळेपर्यंत कोणी वर बघत नाही. कौलं चांगली असली तरी खालचं लाकूड आधी जातं, विशेषतः भिंतीत घुसलेली वाशांची टोकं. स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. टोक सहज आत गेलं तर तो वासा ओढ पेलणार नाही.

पत्रे

कोकणात आता सर्वांत जास्त पत्रेच चढतात. स्वस्त, झटपट, माकडांच्या त्रासातून सुटका. माकडांनी कौलं फोडून हैराण झालेल्या घरांना हा मुद्दा सांगावा लागत नाही.

पत्र्याबद्दलचा मोठा धडा ऑस्ट्रेलियातल्या डार्विन शहराने दिला. 1974 च्या नाताळात ट्रेसी चक्रीवादळाने तिथली सत्तर टक्क्यांहून जास्त घरं उद्ध्वस्त केली. नंतर तपासलं तेव्हा दिसलं की पुष्कळ ठिकाणी स्क्रू जागेवरच होते आणि पत्रा मात्र त्यांच्याभोवती फाटून निघाला होता. झोत येतो, पत्रा फुगतो, झोत जातो, पत्रा बसतो. तासन्‌तास असं झालं की स्क्रूच्या डोक्याभोवती बारीक चिरा पडतात आणि एका झोताला तो फाटतो. त्यानंतर तिथे पत्र्यांची चाचणी वारंवार दाब देऊन करू लागले आणि स्क्रूखाली जोर पसरवणारे मोठे वॉशर वापरू लागले. जाड पत्र्याचा खरा फायदा इथे आहे: तो स्क्रूपाशी उशिरा फाटतो. किनाऱ्यावर 0.5 मिलिमीटरपेक्षा पातळ पत्रा घेऊ नका.

फॅब्रिकेटरशी बोलताना आग्रह धरायच्या गोष्टी अशा. छपराच्या कडांना, कोपऱ्यांना आणि आढ्याजवळ स्क्रू पत्र्याच्या प्रत्येक उंचवट्यावर, मधल्या भागात एकाआड एक. आडवे पाइप मध्ये चार फुटांवर चालतील, पण कडेच्या पट्ट्यात ते अडीच-तीन फुटांवर आणा. स्क्रूखाली रबरी वॉशर आणि शक्य तिथे त्यावर रुंद धातूचा वॉशर. स्क्रू इतकाही आवळू नये की रबर चिरडून बाहेर येईल. बाजूच्या जोडाची उघडी कड नैऋत्येला नको, नाहीतर पावसाळी वारा थेट तिच्यात शिरतो. पत्रा ग्राइंडरने कापू देऊ नका. त्याच्या उष्णतेने कडेचा जस्ताचा थर जळतो आणि उडालेले तापलेले कण पत्र्यावर चिकटून गंजतात. कातरीने कापायला वेळ लागतो, लागू द्या.

समुद्राच्या अगदी जवळ पत्र्याचं आयुष्य मीठ ठरवतं. साध्या जीआय, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी पत्र्यावर जस्ताचा थर चौरस मीटरला किती ग्रॅम आहे ते विचारा. 120 आणि 275 या दोन्ही प्रतींचे पत्रे बाजारात सारखेच चकचकीत दिसतात, पण टिकण्यात दुपटीचा फरक पडू शकतो. अ‍ॅल्युमिनियम-जस्ताचा थर असलेला पत्रा साध्या जीआयपेक्षा बराच सरस असतो, मात्र ओल्या सिमेंटला त्याचा स्पर्श टाळा, आणि लाटांच्या तुषारांपर्यंत जागा असेल तर हमीपत्रातल्या अटी वाचा. शुद्ध अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा मिठाला सर्वांत चांगला तोंड देतो. तो मऊ असतो, म्हणून त्याला आधार जवळजवळ हवेत, आणि लोखंडी पाइपाशी थेट टेकू न देता मध्ये रंगाचा किंवा रबराचा थर द्यावा लागतो. साधे लोखंडी स्क्रू कुठल्याच पत्र्यात नकोत. पंधरा वर्षांचा पत्रा आणि पाच वर्षांत गंजणारा स्क्रू अशी जोडी लावली तर छपराचं वय पाचच.

पत्र्यावर चिरे, टायर, वाळूची पोती ठेवण्याची सवय सोडा. वरची ओढ टनांत असताना दोन-चार चिऱ्यांनी काही अडत नाही, उलट पत्रा सुटला की तेच दगड शेजाऱ्याच्या घरावर जातात.

स्लॅब, आणि स्लॅबवरची शेड

वाऱ्याचा विचार केला तर आरसीसी स्लॅब निर्धोक. चार-पाच इंचांच्या काँक्रीटचं वजनच चौरस मीटरला अडीचशे-तीनशे किलो असतं. त्याचा शत्रू खारी ओल आहे. मीठ आणि पाणी सळीपर्यंत पोचलं की सळी गंजते, फुगते आणि खालचं काँक्रीट खपल्यांनी पडू लागतं. समुद्राच्या वाळूचा किंवा खाऱ्या पाण्याचा वापर झाला असेल तर हे फार लवकर होतं. स्लॅबला निदान शंभरास एक उतार, पाणी साठणार नाही अशी तोंडं, सळीवर पुरेसं काँक्रीट आणि चांगला कोबा, एवढं बांधतानाच पाहिलं पाहिजे.

गळू लागला की आपण त्यावर शेड टाकतो. मुंबईपासून वेंगुर्ल्यापर्यंत गच्चीगच्चीवर या शेड आहेत, आणि वादळात सर्वांत आधी त्याच उडतात. चारही बाजू उघड्या असल्यामुळे वारा वरून ओढतो आणि खालून ढकलतो. त्यात ती उंचावर असते आणि तिचे खांब बरेचदा विटांच्या कठड्यात नुसते रोवलेले असतात. खांब कॉलम-बीमच्या जागी, पायाशी प्लेट देऊन, रासायनिक अँकर बोल्टने (भोकात चिकट रसायन भरून पक्का केलेला बोल्ट) काँक्रीटमध्ये बसवा. खांबांमध्ये तिरपे आधार द्या. पाइपाची तोंडं बंद करा, नाहीतर ते आतून गंजतात आणि बाहेरून रंग लावून काही उपयोग होत नाही. वेल्डिंगच्या प्रत्येक जागेवर घासून जस्ताचा प्रायमर लावून घ्या.

वर्षातून दोनदा वर चढा

अरबी समुद्रातली चक्रीवादळं साधारण मे-जूनमध्ये आणि पुन्हा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये येतात. म्हणून एक तपासणी एप्रिलमध्ये आणि दुसरी दसऱ्याच्या सुमारास. सैल स्क्रू, चिरलेलं रबर, वळचणीजवळचा गंज, तडकलेलं आढं, कुजलेली वाशांची टोकं, पन्हळीत साचलेला पाला. नारळाची झावळी पत्र्यावर महिनाभर पडून राहिली तरी तिच्याखाली ओल धरून गंज सुरू होतो. वळचणीची खालची बाजू पावसाने कधीच धुतली जात नाही, तिथे मीठ साचत राहतं. वरचा पत्रा चांगला दिसत असताना तो खालून जातो. दर दोन-तीन महिन्यांनी गोड्या पाण्याचा पाइप तिथे मारा, फार मोठा फरक पडतो.

झाडांकडेही बघा. कोकणात कितीतरी घरं वाऱ्याने मोडत नाहीत, त्यांच्यावर माड किंवा आंबा पडून मोडतात. घरावर झुकलेली फांदी, खोड पोखरलेला माड, मुळाशी माती सुटलेलं झाड यांचा निर्णय एप्रिलमध्येच घ्या.

वादळाचा इशारा आल्यावर छपरावर चढून दुरुस्तीला लागू नका. सुट्या वस्तू आत घ्या, गच्चीवरची प्लास्टिकची टाकी पाण्याने पूर्ण भरा, दारं-खिडक्यांना अडसर घाला. छप्पर पत्र्याचं आणि जोड कच्चे असतील तर वेळेत पक्क्या इमारतीत जा.

वादळ गेल्यावर वाकलेले पत्रे सरळ करून पुन्हा चढवायचा मोह होतो, पैशांची ओढाताण असते, ते समजण्यासारखं आहे. तरी स्क्रूची भोकं मोठी झालेले, चिरलेले पत्रे घरावर चढवू नका. गोठ्याच्या आडोशाला, कुंपणाला वापरा. फुटलेले सिमेंटचे पत्रे असतील तर आणखी जपा. त्यातल्या बहुतेकांत अ‍ॅस्बेस्टॉस असतं आणि त्याची धूळ छातीत गेली की कर्करोगाचा धोका वाढतो. ते कोरडे फोडू नका, झाडूने झाडू नका. पाणी मारून ओले करा, नाकाला चांगला मास्क लावा, तुकडे जाड प्लास्टिकमध्ये बांधा आणि मुलांना तिथून लांब ठेवा.

हातात पैसे थोडेच असतील तर आधी चार कोपरे घ्या. तिथले स्क्रू वाढवा, तिथल्या कैच्या पट्टीने भिंतीला बांधा, मग कडा, मग आढं. मधला भाग पुढच्या वर्षी केला तरी चालेल.